चिठ्ठी नसलेली बाटली

गेल्या मार्गशीर्षात माझी धाकटी नणंद सांगलीहून पुण्याला आली, तेव्हा तिने ओढणीने अर्धा चेहरा झाकून घेतला होता. थंडी बाधते असे तिने फोनवर आधीच सांगून ठेवले होते. पण घरात येऊन चहा झाला तरी ओढणी निघेना, तेव्हा मी तिला स्वयंपाकघरात नेले आणि दार लोटून घेतले. दोन्ही गालांवर, डोळ्यांच्या खाली दोन बोटे अंतरावर, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या सात-आठ गाठी होत्या. समोरून उजेड असला की त्या फारशा कळत नसत, बाजूने पडला की प्रत्येकीची सावली दिसे. तिच्या मुलीचे लग्न माघात ठरले होते. मुलीची आई म्हणून मांडवात उभे राहायचे तर चेहरा जरा टवटवीत दिसावा, एवढ्यासाठी तिने ओळखीच्या एका पार्लरमध्ये ‘ग्लो इंजेक्शन’ घेतले होते. त्याला सहा आठवडे झाले होते. सुरुवातीची सूज उतरली, गाठी मात्र राहिल्या. “वहिनी, दादाला सांगू नकोस,” हे तिचे पहिले वाक्य होते.

दुसऱ्या दिवशी मी तिला आमच्या भागातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी बाजूने टॉर्च धरून गाल पाहिले, एकेक गाठ बोटाच्या टोकाने दाबली, हलते का ते पाहिले आणि मग विचारले, “इंजेक्शन कशाचे होते?” नणंद म्हणाली, “ग्लोचे.” त्यावर डॉक्टर अगदी शांतपणे म्हणाल्या, “ताई, ग्लो हे औषधाचे नाव नाही. खोक्यावर काय लिहिले होते?” नणंदेने खोके पाहिलेच नव्हते. पर्समधली पावती काढली, तर तीवर ‘ग्लो इंजेक्शन, १ सिटिंग’ एवढेच लिहिलेले. तिथूनच पार्लरला फोन लावला. इंजेक्शन देणारी व्यक्ती महिन्यातून एकदा बाहेरगावाहून येते, माल तीच आणते आणि तीच रिकामी सिरिंज घेऊन जाते, असे उत्तर मिळाले.

मी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवते आहे. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी असलीच पाहिजे, आणि चिठ्ठी नसलेली बाटली कितीही ओळखीची वाटली तरी तिच्यातला थेंबही वापरायचा नाही, हे मी दरवर्षी नव्या मुलांना पहिल्याच प्रात्यक्षिकाला सांगते. माझ्याच घरातली बाई चिठ्ठी नसलेल्या बाटलीतले द्रव्य गालात टोचून घेऊन आली होती. त्या दिवसापासून पुढचे काही महिने मी या विषयावर जे वाचले, डॉक्टरांना जे विचारले आणि नंतर स्वतः जे अनुभवले, ते इथे लिहून ठेवते आहे.

डॉक्टरांना नाव हवे होते, याचे कारण साधे आहे. चेहऱ्याच्या त्वचेत टोचल्या जाणाऱ्या पदार्थांपैकी काही उलटे फिरवता येतात आणि काही येत नाहीत. हायल्युरॉनिक ॲसिडचा जेल असेल, तर तो विरघळवणारे विकर, म्हणजे एन्झाइम, उपलब्ध आहे. हाडांत असते त्या जातीच्या कॅल्शियमच्या सूक्ष्म गोळ्या असतील, किंवा विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यांच्या कुळातले पॉली-लॅक्टिक ॲसिड असेल, तर ते विकर त्यांना काहीही करत नाही. शरीर सावकाश ते पचवीपर्यंत वाट पाहावी लागते. आणि द्रवरूप सिलिकोन असेल, तर ते शरीर कधीच पचवत नाही. बाहेरून बोटाला लागणारी गाठ मात्र या सगळ्यांची जवळजवळ सारखीच असते.

माणसाने चेहऱ्यात काय काय भरून पाहिले आहे, याचा इतिहास वाचताना माझ्या अंगावर काटा आला. १८९९ साली व्हिएन्नातले शल्यविशारद रॉबर्ट गेर्सुनी यांनी व्हॅसलीन-पॅराफिन वितळवून शरीरात टोचण्याची कल्पना काढली आणि पुढच्या काही वर्षांत ती युरोपभर सुरकुत्यांसाठी आणि नाकासाठी वापरली जाऊ लागली. ग्लॅडिस डीकन ही त्या काळातली विख्यात सौंदर्यवती, जी पुढे मार्लबरोची डचेस झाली, तिने नाकाचा कणा सरळ दिसावा म्हणून तरुण वयातच पॅराफिन टोचून घेतले. ते पॅराफिन जागेवर राहिले नाही. ते खाली ओघळून हनुवटीपर्यंत गाठींच्या रूपात पसरले आणि त्याच चेहऱ्याने तिला उरलेले दीर्घ आयुष्य काढावे लागले. पॅराफिनच्या भोवती शरीर जी कठीण गाठ बांधते, तिला वैद्यकात पॅराफिनोमा असे वेगळे नावच पडले आहे. त्या काळी ते टोचणारे बहुतेक लोक वाईट हेतूचे नव्हते. जे भरले ते परत काढता येईल का, हा प्रश्न मात्र त्यांनी आधी विचारला नाही.

त्यानंतर बराच काळ लोटला. १९८१ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने गाईच्या कातडीपासून काढलेल्या कोलॅजन या प्रथिनाच्या इंजेक्शनला मान्यता दिली. त्याची ॲलर्जी सुमारे ३ टक्के लोकांना होई, म्हणून आधी हाताच्या आतल्या बाजूस थोडेसे टोचून चार आठवडे थांबावे लागे, आणि एवढे करून परिणाम काही महिन्यांतच ओसरे. आज चेहऱ्यात भरण्यासाठी सर्वांत जास्त वापरले जाते ते हायल्युरॉनिक ॲसिड, आणि रसायनशास्त्राची शिक्षिका म्हणून माझे मन सर्वाधिक रमले ते याच पदार्थात.

१९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गुरांच्या डोळ्यांतल्या पारदर्शक गरातून हा पदार्थ वेगळा केला. ग्रीक भाषेत काचेला ‘हायलॉस’ म्हणतात, त्यावरून हे नाव आले. दोन साखरेच्या रेणूंची जोडी हजारो वेळा एकापुढे एक गुंफली की त्याची साखळी होते, आणि ती साखळी स्वतःभोवती पाणी धरून ठेवते. आपल्या सांध्यांतले वंगण, डोळ्यातला गर आणि त्वचेतली ओल यांत हाच पदार्थ असतो. ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात तो सुमारे १५ ग्रॅम असतो आणि त्यातला जवळपास एक तृतीयांश दररोज मोडून नव्याने तयार होतो. म्हणजे त्वचेत नुसते शुद्ध हायल्युरॉनिक ॲसिड टोचले, तर शरीर ते काही दिवसांत संपवून टाकणार. म्हणून फिलर, म्हणजे त्वचेखालची जागा भरणारा जेल, तयार करताना या साखळ्या एकमेकींना रासायनिक पुलांनी बांधतात. बांधणी जितकी घट्ट, तितका जेल कडक आणि टिकाऊ. पूर्वी हे ॲसिड कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढत, आता बहुतेक सर्व ठिकाणी ते जिवाणूंच्या साहाय्याने किण्वनाने बनवतात, त्यामुळे प्राण्यांच्या प्रथिनांची ॲलर्जी हा प्रश्न पुष्कळच मागे पडला आहे.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, जी पार्लरच्या फलकावर कधीच लिहिलेली नसते. साखर तीच आणि पाणीही तेच असले, तरी एकतारी पाक आणि गोळीबंद पाक यांची कामे वेगळी असतात. तसेच हायल्युरॉनिक ॲसिडचे आहे. गालाचे हाड उठावदार करायला किंवा नाकापासून ओठाच्या कडेपर्यंत उतरणारी खोल घडी भरायला कडक जेल लागतो, आणि तो खोलवर द्यायचा असतो. त्वचेचा पोत सुधारायला, कोरडेपणा आणि बारीक रेषा कमी करायला अगदी मऊ, पातळ जेल वरच्या थरात थोडा थोडा द्यायचा असतो. त्याला आता सर्रास स्किन बूस्टर म्हणतात. गोळीबंद पाकाच्या जातीचा जेल कुणी वरवरच्या थरात टोचला, तर तो पसरत नाही, डाळीसारखा गोळा होऊन बसतो. नणंदेच्या गालांत बहुधा हेच झाले असावे, असे डॉक्टरांना पहिल्या भेटीतच वाटले होते. पण वाटण्यावर विसंबून त्या सुई हातात घ्यायला तयार नव्हत्या.

जे टोचले ते संपल्यावर उरते काय, हा माझा पुढचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर मला फार सुंदर वाटले. त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजनच्या दोऱ्या असतात आणि त्या दोऱ्यांना धरून ताणलेल्या पेशी असतात, ज्यांना फायब्रोब्लास्ट म्हणतात. ही पेशी ताणलेली असेल तोवर नवे कोलॅजन विणत राहते. वयाने आणि त्याहून अधिक उन्हाने दोऱ्या तुटत जातात, पेशीचा आधार जातो, ती आक्रसते, आणि मग ती विणणे कमी करून उलट दोऱ्या कुरतडणारी विकरे जास्त सोडू लागते. सुंभ सैल झालेल्या बाजेसारखी त्वचेची स्थिती होते. २००७ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी उन्हाने जुनावलेल्या हाताच्या त्वचेत हायल्युरॉनिक ॲसिडचा जेल टोचून ११ स्वयंसेवकांच्या त्वचेचे नमुने चार आणि तेरा आठवड्यांनी तपासले. जेलच्या आसपासच्या पेशी ताणल्या जाऊन पुन्हा नवे कोलॅजन तयार करत आहेत, असे त्यांना आढळले. म्हणजे जेलने जागा भरल्यामुळे बाज पुन्हा थोडी आवळली जाते आणि विणकर कामाला लागतो. ११ माणसे म्हणजे फार मोठी संख्या नव्हे, आणि हात म्हणजे चेहरा नव्हे, हे मी विसरत नाही. पण यामागचे तत्त्व मनाला पटणारे आहे, आणि ‘पेशींना पोषण मिळते’ यासारख्या गुळगुळीत वाक्यापेक्षा ते कितीतरी नेमके आहे.

बोटॉक्सचा उल्लेख याच दुकानात, याच पाटीवर होतो, पण त्याचे काम संपूर्ण वेगळे आहे. त्वचेला ते काहीच देत नाही. त्वचेखालच्या स्नायूला गप्प बसवते. बोटॉक्स हे मुळात एका जिवाणूचे विष आहे, आणि ते प्रथम ओळखले गेले ते बिघडलेल्या सॉसेजमधून. जर्मनीतले वैद्य आणि कवी युस्टिनुस केर्नर यांनी १८२० च्या सुमारास त्याची लक्षणे बारकाईने लिहून ठेवली, आणि पुढे कधीतरी अशा विषाचा औषध म्हणून उपयोग होऊ शकेल, हेही सुचवून ठेवले. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलझेल गावी अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांनी हॅम खाल्ले, ३४ जण आजारी पडले आणि तिघे दगावले; त्यावरून एमिल व्हान एर्मेंगेम यांनी यामागचा जिवाणू शोधून काढला. अॅलन स्कॉट या सॅन फ्रान्सिस्कोच्या नेत्रतज्ज्ञांनी त्याची अत्यंत सूक्ष्म मात्रा तिरळेपणावर वापरून दाखवली आणि १९८९ मध्ये त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. कपाळावरच्या आठ्यांवरील त्याच्या उपयोगाचा शोध मात्र एका रुग्णामुळे लागला. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्या फडफडण्याच्या विकारावर हे इंजेक्शन देत होत्या, तेव्हा एका बाईने भुवयांच्या मधेही टोचा असा आग्रह धरला, कारण तिथे टोचले की आपला चेहरा निवांत दिसतो, असे तिच्या लक्षात आले होते. जीन यांनी हे घरी त्वचारोगतज्ज्ञ पती अॅलिस्टर यांना सांगितले, आणि १९९२ मध्ये दोघांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला. २००२ मध्ये भुवयांमधल्या रेषांसाठी एफडीएची मान्यता आली. परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. मात्रा युनिटांत मोजतात, आणि कुपीतल्या पांढऱ्या भुकटीत किती सलाइन घातले यावर सगळा हिशोब अवलंबून असतो. म्हणून ‘दोन सिरिंज बोटॉक्स’ असे कुणी सांगितले, तर त्याला काहीच अर्थ नाही; किती युनिटे, असे विचारावे. २०२४ साली अमेरिकेत बनावट बोटॉक्समुळे अनेक राज्यांत लोक आजारी पडले आणि काहींना इस्पितळात ठेवावे लागले, एवढे सांगितले म्हणजे कुपीवरच्या नावाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

याच कुळात आणखी काही नावे ऐकू येतात. सॅमन माशाच्या डीएनएपासून काढलेली पॉलिन्युक्लिओटाइड दक्षिण कोरियातून जगभर पोचली आहेत. मेसोथेरपी ही १९५२ साली मिशेल पिस्टोर या फ्रेंच डॉक्टरांनी सुरू केलेली, अनेक बारीक टोचण्यांतून औषधे देण्याची रीत आहे; पण तिच्या नावाखाली कोण काय मिसळते याला धरबंध नाही, आणि म्हणून मी तिच्यापासून दूर राहीन. पीआरपीमध्ये आपलेच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला प्लेटलेट असलेला पिवळसर भाग परत त्वचेत देतात. रक्त आपलेच असल्याने भीती नाही, असे सांगतात. पण अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात अशा उपचाराने ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये नोंदवले; एकदा वापरायची साधने तिथे पुन्हा वापरली जात होती. सुई फोडताना आपण पाहतो का, नळीवर आपले नाव लिहिलेले आहे का, एवढे दोन प्रश्न तिथे ही लागण टाळू शकले असते.

आणि ग्लुटाथायोन. आपल्याकडे ‘गोरेपणाचे इंजेक्शन’ म्हणून शिरेतून दिले जाणारे हे रसायन तीन अमिनो आम्लांचे बनलेले असते आणि ते आपल्या प्रत्येक पेशीत असतेच. त्वचा उजळवण्यासाठी ते शिरेतून देणे सुरक्षित नाही, असा इशारा फिलिपिन्सच्या औषध नियंत्रण संस्थेने २०११ पासूनच दिला आहे. मूत्रपिंडे, यकृत आणि त्वचेचे जीवघेणे विकार अशी धोक्यांची यादी त्यात आहे. लग्न ठरलेल्या मुलींना घरचेच लोक हे घ्यायला नेतात, हे मी माझ्या माजी विद्यार्थिनींकडून ऐकले आहे आणि ते ऐकून मला फार वाईट वाटते. सावळी त्वचा हा आजार नाही. आपल्या त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हाशी लढते, म्हणूनच आपल्याकडे सुरकुत्या गोऱ्या लोकांच्या मानाने उशिरा येतात. जी गोष्ट आपल्याला तरुण ठेवते, तीच घालवण्यासाठी शिरेत सुई का टोचायची?

मेलॅनिनची दुसरी बाजूही डॉक्टरांनी मला समजावून सांगितली. आपल्या त्वचेला इजा झाली की ती काळा डाग मागे ठेवते. टोचल्यावर निळा वण आला तर तो आठ-दहा दिवसांत जातो, पण त्यावर ऊन लागले किंवा चोळले गेले, तर त्या जागी तपकिरी सावली महिनोन्‌महिने राहू शकते. लग्नसराईत डॉक्टर प्रत्येकीला सर्वांत आधी एकच प्रश्न विचारतात, “हळद कधी आहे?” हळदीत चेहरा चोळला जातो, त्याआधी फेशियल होते, नंतर होमाच्या धगीसमोर बसायचे असते. म्हणून निदान महिनाभराचे अंतर नसेल, तर त्या सुई लावतच नाहीत.

पण गाठ आणि डाग हे किरकोळ म्हणावेत असा एक धोका आहे, आणि तो सांगितल्याशिवाय हे लिखाण मला पुरे करता येणार नाही. चेहऱ्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे आहे आणि भुवयांच्या मधल्या, नाकाच्या, कपाळाच्या रोहिण्या, म्हणजे धमन्या, आत डोळ्याच्या रोहिणीला जोडलेल्या आहेत. फिलरची सुई चुकून रोहिणीत शिरली आणि दाबाने जेल आत गेला, तर तो रक्ताच्या उलट दिशेने मागे ढकलला जाऊन डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा बंद करू शकतो. अशाने कायमचे अंधत्व आलेले रुग्ण जगभर नोंदले गेले आहेत. डोळ्यापर्यंत न जाता वाटेतच अडला, तर त्या भागातली त्वचा पांढरी पडते, मग जाळीदार जांभळी होते, दुखते आणि उपाय न झाल्यास मरते. हे क्वचित घडते, पण घडते तेव्हा मिनिटांचा हिशोब असतो. हायल्युरॉनिक ॲसिडचा जेल असेल, तर हायल्युरॉनिडेज हे विकर ताबडतोब भरपूर प्रमाणात टोचून त्वचा वाचवता येते. डोळ्याच्या बाबतीत मात्र यशाची खात्री देता येत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भुलीचे औषध नीट पसरावे म्हणून हेच विकर वापरतात, म्हणजे ते काही दुर्मीळ नाही. ज्या खोलीत फिलर टोचतात त्या खोलीच्या कपाटात ते असलेच पाहिजे, आणि ते कधी व कसे वापरायचे हे जाणणारा नोंदणीकृत डॉक्टर समोर असला पाहिजे. महिन्यातून एकदा बाहेरगावाहून येणाऱ्या माणसाच्या पिशवीत ते असते का, कुणास ठाऊक.

नणंदेची सोनोग्राफी करावी लागली. त्वचेसाठी वापरतात त्या उच्च वारंवारतेच्या प्रोबने गाल पाहिले, की हायल्युरॉनिक ॲसिडचे साठे पडद्यावर काळ्या पोकळ्यांसारखे दिसतात, आणि सिलिकोन असेल तर बर्फाचे वादळ उठल्यासारखे पांढरे धुके दिसते. पडद्यावर काळे ठिपके आले, तेव्हा डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडलेला मी पाहिला. मग त्यांनी नणंदेच्या हातावर विकराचा बारीक थेंब टोचून वीस मिनिटे ॲलर्जीची वाट पाहिली आणि एकेका गाठीत बारीक सुईने औषध सोडले. गाल मधमाश्या चावल्यासारखे सुजले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर तिने बोट फिरवले, तर बहुतेक गाठी सापडेनात. दोन चिवट होत्या. त्यांना पंधरा दिवसांनी पुन्हा मात्रा द्यावी लागली. आज एक गाठ मोहरीएवढी हाताला लागते, डोळ्यांना दिसत नाही. मांडवात ती ओढणीविना उभी राहिली.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खुपले ते तिचे ते पहिले वाक्य. दादाला सांगू नकोस. या वयात ही थेरं कशाला, असे कुणीतरी म्हणेल या धाकाने बायका हे उपचार चोरून घेतात; चोरून घेतात म्हणून ओळखीच्या, स्वस्त, कागद न देणाऱ्या जागी जातात; आणि काही बिघडले की महिनाभर ओढणीखाली लपवतात. केस रंगवण्याची, दात सरळ करून घेण्याची लाज आपण केव्हाच सोडली. पन्नाशीतल्या बाईला आपला चेहरा आरशात ओळखीचा वाटावा असे वाटले, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतले सुमारे ३० टक्के कोलॅजन कमी होते. हे त्या बाईच्या हौसेमौजेमुळे होत नाही. मी हे माझ्या नवऱ्यालाही समजावून सांगितले आणि नणंदेच्या देखत सांगितले.

चैत्रात मी स्वतः त्याच डॉक्टरांकडे गेले. माझी त्वचा दोन वर्षांपासून कागदासारखी कोरडी झाली होती, गालावर उशीच्या सुरकुत्या दुपारपर्यंत राहत. मी घेतले ते प्रोफायलो नावाचे इंजेक्शन. त्यात २ मिली द्रावात ६४ मिलिग्रॅम हायल्युरॉनिक ॲसिड असते, निम्मे लांब साखळ्यांचे आणि निम्मे आखूड. त्या साखळ्या रासायनिक पुलांनी बांधलेल्या नसतात, उष्णता देऊन एकमेकींत गुंफलेल्या असतात. डॉक्टरांनी आधी माझी औषधे विचारली, रक्त पातळ करणारी गोळी चालू नाही ना, तापानंतर ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात का, येत्या दोन आठवड्यांत दाताचे काम आहे का, हे सगळे लिहून घेतले. मग माझ्यासमोर बंद खोके फोडले. मुदतीची तारीख, आयातदाराचे नाव आणि परवान्याचा क्रमांक त्यांनी मला दाखवला. खोक्याच्या आत लॉट क्रमांकाची सोलून काढायची छोटी चिकटपट्टी असते. ती काढून त्यांनी माझ्या फाइलमध्ये चिकटवली आणि तसलीच दुसरी माझ्या हातात दिली. रुग्णाला द्यायचीच असते ती, असे त्या सहज म्हणाल्या. नणंदेकडे ती असती, तर आमची सोनोग्राफी वाचली असती.

प्रत्यक्ष टोचायला दहा मिनिटेही लागली नाहीत. चेहरा जंतुनाशकाने पुसून त्यांनी पांढऱ्या पेन्सिलीने दोन्ही बाजूंना पाच-पाच ठिपके काढले: गालाच्या हाडावर, नाकपुडीच्या रेषेत, कानाच्या पाळीपुढे, हनुवटीजवळ आणि जबड्याच्या कोनावर. प्रत्येक ठिकाणी ०.२ मिली. सुई शिरताना मुंगी चावल्याएवढे दुखले, द्राव उतरताना जरा जळजळले, आणि डास चावल्यावर उठतात तशा दहा गांधी चेहऱ्यावर उठल्या. मी घाबरून बोट नेले, तर डॉक्टरांनी हात बाजूला केला; चोळायचे नाही, त्या आपोआप पसरतात. संध्याकाळी पाच वाजता उठलेल्या गांधी दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला निघताना दिसत नव्हत्या. डाव्या जबड्यावर एक निळा वण आठवडाभर राहिला, तो मी झाकला नाही.

दुसरी मात्रा महिन्याने घ्यायची होती. तोवर फरक जाणवला का, असे विचाराल तर थोडाच. दुसऱ्या मात्रेनंतर दीड महिन्याने मात्र गालाचा कोरडेपणा गेला होता, डोळ्यांखालच्या कुरकुरीत बारीक रेषा मऊ झाल्या होत्या आणि उशीची घडी आंघोळीपर्यंत मोडू लागली होती. नाकाशेजारच्या घड्या आहेत तशाच आहेत, कपाळावरच्या आठ्याही आहेत. हे इंजेक्शन त्यांच्यासाठी नाहीच. परिणाम साधारण सहा महिने टिकतो आणि टिकवायचा तर पुन्हा पैसे मोजावे लागतात, आणि ती रक्कम लहान नाही. डॉक्टरांनी मला आधीच सांगितले होते की, रोज सकाळी सनस्क्रीन लावणार नसाल तर हे पैसे माझ्याकडे घालवू नका. मी आता एसपीएफ ५० लावते, दुपारच्या तासांच्या आधी पुन्हा लावते, आणि स्कूटरवर ओढणी बांधते.

दुसऱ्या वेळी वैशाखात नणंद माझ्यासोबत आली होती. तिला स्वतःला काही करून घ्यायचे नव्हते. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. डॉक्टरांनी नवे खोके टेबलावर ठेवले, तेव्हा ती उठून पुढे आली, चष्मा लावून तिने ते खिडकीच्या उजेडात धरले, आणि नाव, मुदत, लॉट क्रमांक एकेक अक्षर सुटे करून मोठ्याने वाचले. मी ते माझ्या वहीत उतरवून घेतले, आणि मग डॉक्टरांनी खोके उघडले.